हसल्याचा पुरावा

"हे बरं, की हे?" चष्मेवाल्यानं भिंग बदलून विचारलं. गिऱ्हाईक म्हणजे पेन्शनीत निघालेले एक गृहस्थ. नाकावर चाचणीची ती जडशीळ फ्रेम, हात मांडीवर, पाठ ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. "आधीचं बरं होतं." "आणि आता? हे, की हे?" हा प्रश्न त्यानं आयुष्यात इतक्या वेळा विचारला होता की बायको म्हणायची, ह्यांना भाजीला पाठवलं तर दोन हातांत दोन गड्डे धरून भाजीवालीलाच विचारत उभे राहतात. शेवटी एक भिंग नेमकं बसलं. गृहस्थांनी समोरच्या फळ्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली, समाधानानं मान वळवली, आणि त्या नव्या नजरेनं समोरच्या माणसाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले, "तू डांबर ना?"

गृहस्थांचा आनंद खरा होता, हे कबूल करायला हवं. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, फ्रेम नाकावरून घसरली तरी सोडला नाही. फायनलची ती पेनल्टी. डावीकडे झेप. आम्ही गोलच्या मागेच होतो रे, तुझ्या नावानं घसा बसला होता माझा. तुम्हा लोकांच्या हाडातच असते ती उडी, आमच्या पोरांना शिकवून येत नाही. आणि आता बघ, तुझ्या कॅप्टनला कसं छळताहेत, एक शब्द तोंडातून गेला म्हणून. त्या काळी आपण काय काय बोलायचो, कुणी मनावर घेत होतं का? चष्मेवाला हसला. दात दिसतील असं, मान किंचित एका बाजूला टाकून, मोठ्यांदा हसला. चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो. काउंटरवर, भिंतीवर, खांबावर, गोल फिरणाऱ्या स्टँडच्या चारी अंगांना. त्या सगळ्या आरशांत त्याला एकाच वेळी तो माणूस दिसला, हसणारा. मैदान सोडून अर्धं आयुष्य झालं होतं, गुडघे गेले होते, केस गेले होते, डावा खांदा हवामान खात्यापेक्षा आधी थंडी सांगत होता. पण हे हसू शाबूत होतं. कुणी तो शब्द म्हटला की मेंदूला विचारायच्या आत ते येऊन उभं राहत होतं, साहेबाच्या घंटीला शिपाई यावा तसं. गृहस्थ गेल्यावर त्यानं त्यांच्या नंबरची काच घासायला घेतली आणि इतकी घासली, इतकी घासली की ती फ्रेमच्या खाचेत हलायला लागली. अशी चूक दुकान टाकल्यावर पहिल्या महिन्यात झाली असेल, त्यानंतर आजच. त्यानं काच कचऱ्यात टाकली आणि दुसरी घेतली.

प्रकरण असं होतं. कॅप्टन आता फुटबॉल क्लबचा कोच झाला होता, तरी सगळे त्याला कॅप्टनच म्हणत, त्याच्या आईसकट. सरावाच्या वेळी एका चॅनलचे लोक शूटिंगला आले होते आणि त्यांनी कॅप्टनच्या कॉलरला बारकासा माइक लावला होता. असल्या माइकचा गुण असा की लावून घेतलेला माणूस थोड्या वेळानं त्याला विसरतो, माइक मात्र माणसाला विसरत नाही. नव्या विंगरनं एक सोपा पास घालवला. तो चष्मेवाल्याच्याच लोकांतला, त्याच्याच रंगाचा, वीसएक वर्षांचा. कॅप्टन ओरडला, "ए डांबर, पाय घरी विसरलास का?" आणि विंगर हसला. क्लिप एवढीच. शहरानं ती बोटानं मागे सारून सारून पाहिली. विंगरनं स्वतः तक्रार केलीच नव्हती. तक्रार लीगनं केली, कारण लीगला जाहिरातदार होते आणि जाहिरातदारांना विवेक होता. क्लबनं एक निवेदन काढलं. त्यात खेद होता, परंपरा होती, कुटुंब होतं, आणि शेवटी एक वाक्य होतं की सदर शब्दाकडे त्याच्या ऐतिहासिक संदर्भात पाहिलं जावं. मग आज सकाळी क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला. तुम्ही आमच्या इतिहासाचा भाग आहात, सेक्रेटरी म्हणाला. उद्या सुनावणी आहे. फार काही नाही, दोन शब्द बोलायचे. ते प्रेमानं म्हणत, तुम्ही हसत होतात, एवढंच. खरं तेच सांगायचं आहे. त्या आवाजावरून चष्मेवाल्याला कळलं की ऐतिहासिक संदर्भ म्हणून ज्याला म्हणतात तो आपणच. उद्या दुपारी इस्त्रीचे कपडे घालून हजर राहायचं.

खरा संदर्भ कुणी विचारला असता तर तो त्याला तोंडपाठ होता. ह्या शहराला रस्ते हवे होते आणि उकळत्या डांबराजवळ उभं राहायला शहरातलं कुणी तयार नव्हतं. तेव्हा एका कंत्राटदारानं समुद्रापलीकडून माणसं भरून आणली, त्यांत त्याचे आजोबा. दिवसभर पिंपं ढवळायची, झारीनं ओतायचं, रोलरच्या पुढे पुढे पळायचं. पायाला चिकटलेलं सुटत नसे, आजी रॉकेलच्या बोळ्यानं घासायची आणि आजोबा तिच्या खांद्याला धरून उभे राहायचे, लाजल्यासारखे. रस्ते झाले. शहर त्यावरून शाळेत, कचेरीत, नाटकाला जाऊ लागलं, आणि ज्यांनी ते केले त्यांना रस्त्याचंच नाव पडलं. वडील टपालखात्यात कारकून. त्यांनी जन्मात शाईखेरीज काळं काही हाताला लागू दिलं नाही, रोज पांढरा शर्ट, कफच्या गुंड्या लावलेल्या, उन्हाळ्यातसुद्धा. तरी बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहायची. एकदा एका बाईनं पोराला मागे ओढत म्हटलं होतं, हात लावू नकोस, डांबर आहे, लागेल. वडिलांनी ऐकलं नाही असं केलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. खिडकीबाहेर रस्ता होता. लहानग्या चष्मेवाल्यानं त्यांच्या कफाकडे पाहिलं होतं, कुठे डाग पडलाय का म्हणून. आज साठीला टेकल्यावर त्याला त्या बाईचा राग येत नव्हता, बसचा येत नव्हता. आपण त्या कफाकडे पाहिलं ह्याचा येत होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

क्लबात नाव ठेवायची एक पद्धत होती. नवा खेळाडू आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या खुंटीच्या वर कॅप्टन खडूनं एक नाव लिहायचा. तेच नाव. मग घरच्यांनी हौसेनं ठेवलेलं फक्त रेफ्रीपुरतं उरायचं. फुलबॅकचे डोळे जरा पुढे होते म्हणून तो बेडूक. एक जण जेवताना दुसऱ्याच्या ताटात बघायचा, त्याचं नाव इन्स्पेक्टर. मसाज करणारा बुटका होता, त्याला उंट. चष्मेवाला, म्हणजे तेव्हाचा बावीस वर्षांचा गोलकीपर, दारातून आत आला तेव्हा खुंटीवर नाव आधीच लिहिलेलं होतं. बाकीच्यांसाठी कॅप्टनला विचार करायला आठवडा लागायचा. खोली गप्प झाली होती, पण गंमत बघायच्या अपेक्षेनं, वाईट काही नव्हतं त्यात. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. आणि तो हसला. दात दिसतील असं, मान किंचित एका बाजूला टाकून. खोली सुटली. कुणी पाठीत थाप मारली, कुणी मोजे भिरकावले, बेडूक म्हणाला, चला, आपल्यातला आहे. ते पहिलं हसू त्यानं विचार करून हसलं होतं, हे त्याला पक्कं आठवतं. दाराची चौकट, खडूचा वास, ओल्या बुटांचा वास, आणि डोक्यात एकच हिशेब: हसलो तर खेळायला मिळेल. पुढची सगळी हसणी बिनविचाराची होती. बेडूक घरी गेला की बेडूक राहत नसे, हा फरक तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. बेडकाच्या आईला कुणी बेडूक म्हणून दुकानाच्या पायरीवरून उतरवलं नव्हतं. बेडकाच्या आजोबांना बेडूक म्हणून जहाजात भरलं नव्हतं. बेडूक हे बेडकापासून सुरू होऊन बेडकापाशी संपत होतं.

आणि कॅप्टन वाईट माणूस असता तर सगळं किती सोपं झालं असतं. दुकानात एकटा बसून, पुढच्या गिऱ्हाइकाच्या फ्रेमचे स्क्रू आवळता आवळता, चष्मेवाला कॅप्टनचं एखादं नीचपण आठवू पाहत होता आणि हाताला लागत होती ती दुसरीच काहीतरी वस्तू. लेक जन्मली तेव्हा टीम दौऱ्यावर होती, कॅप्टनचा पाय प्लॅस्टरमध्ये म्हणून तो मागे राहिलेला. तो प्लॅस्टरच्या पायानिशी रात्रभर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होता, कुबडी शेजारी टेकवून, आणि नर्सनं बाळ आणून दाखवलं तेव्हा बाप समजून त्याच्याच हातात दिलं होतं. नर्स रंगाकडे बघून जरा घुटमळली तेव्हा तिलाच दम दिला होता म्हणे. किंवा ती परगावची मॅच. गोलच्या मागच्या प्रेक्षकांनी उन्हानं मऊ झालेले रस्त्यावरचे डांबराचे गोळे उकरून आणले होते आणि "डांबर, डांबर" ओरडत ते एकेक करून आत मारत होते. जाळीला चिकटत होते, एक त्याच्या मानेवर चिकटला, गरम. खेळ थांबला. कॅप्टन अर्ध्या मैदानावरून धावत आला, त्याच्या मानेवरचा गोळा स्वतःच्या हातानं काढला, बाहेर भिरकावला, आणि मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे डांबर, घरचा माल आलाय वाटतं." दोन्ही टीम हसल्या. रेफ्री हसला. आणि तो हसला, मानेची कातडी सोललेली असताना हसला. मॅच संपल्यावर गाड्या लावायच्या जागेत कॅप्टननं त्याच प्रेक्षकांतल्या तिघांना गाठून मारलं, स्वतःच्या हाताची दोन बोटं मोडून घेतली. कशासाठी? तर त्यांनी त्याच्या गोलकीपरला डांबर म्हटलं म्हणून. म्हणजे शब्दावर मालकी कॅप्टनची होती. दुसऱ्यांनी म्हटलं की अपमान, त्यानं म्हटलं की प्रेम, आणि ज्याच्या अंगावर तो शब्द पडत होता त्याचं काम मधल्या मध्ये फक्त हसायचं. एवढ्या वर्षांत हा विचार त्याला एकदाही असा सरळ ओळीत आला नव्हता. आवळता आवळता स्क्रूचा पीळच गेला.

संध्याकाळी कॅप्टन घरी आला. न सांगता, नेहमीसारखा, दारातूनच "वहिनी, ताट वाढा" म्हणत. जरा वाळला होता. लेक आधीच जेवायला बसली होती. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते आणि तिथली सवय म्हणून माणसांकडे आरपार बघते.

"ह्यांना उद्या किती वाजता सोडाल?" बायकोनं वाढता वाढता विचारलं. "डोळ्यात औषध घालायचं आहे, वेळेवर लागतं."

"अहो वहिनी, दहा मिनिटांचं काम. ह्यानं यायचं, सांगायचं, जायचं." कॅप्टन चष्मेवाल्याकडे वळला. "तू सांग ना, मी तुला कधी परका मानला?"

"नाही."

"कधी कमी लेखला?"

चष्मेवाला भातातले खडे शोधत असल्यासारखा ताटात बघत राहिला. "मॅचमध्ये एकदा बॅकपास दिलास तो माझ्या कच्च्या उजव्या पायावर. तेवढं सोडलं तर नाही."

कॅप्टन खूश होऊन हसला. "हेच. हेच उद्या बोल. असं बोललास ना, की त्या समितीतल्या तिघांचा वाद मिटला. कोण कुठले, कधी चेंडूला पाय लावला नाही, ते मला माणुसकी शिकवणार. आता म्हणे तोंड आवरून बोला. अरे, ड्रेसिंग रूम आहे, देवघर आहे का? बेडकाला बेडूक म्हटलं, तो गेला का कुठे रडत?"

"काका," लेक म्हणाली, "मी तुमच्या टीममध्ये असते तर मला काय म्हणाला असतात?"

"तुला?"

"माझा रंग बाबांचाच आहे. आई म्हणते, एक छटा जास्तच."

"छे," कॅप्टन म्हणाला. "तुला कसं म्हणेन तसलं."

"तसलं म्हणजे कसलं?"

कॅप्टननं पाणी प्यायलं. "पोरी, तुला जन्मल्या जन्मल्या ह्या हातांनी धरलंय. तू लेक आहेस माझी."

"मग बाबा कोण होते?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ताट उचलून मोरीकडे गेली. बायको म्हणाली, "भाऊजी, अजून वाढू का," आणि तो नको म्हणायच्या आत वाढून मोकळी झाली. दारापर्यंत सोडायला गेलेल्या चष्मेवाल्याच्या खांद्यावर, त्या दुखऱ्या डाव्या खांद्यावर, कॅप्टननं हात ठेवला. "ते मला काढतील रे," तो म्हणाला, एकदम हळू. "मैदानाबाहेर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही. तू आहेस म्हणून बरं. येतोस ना, डांबर?" आणि जिन्यातल्या दिव्याखाली चष्मेवाल्याच्या तोंडावर ते आलं, आपसूक. कॅप्टननं ते पाहिलं, त्याचा जीव भांड्यात पडला, तो भराभर पायऱ्या उतरत गेला. दार लावून चष्मेवाला किती तरी वेळ दाराला कपाळ टेकून उभा होता. बायकोनं आतून विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, कडी बघतोय.

सुनावणी एका हॉटेलच्या मीटिंग हॉलमध्ये होती. जमिनीवर असा गालिचा की चालणाऱ्याला स्वतःच्या पावलांचा भरवसा वाटू नये. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकीसमोर पेपरमिंटच्या चार गोळ्या, आणि पलीकडे समितीचे तिघे. मधल्या अध्यक्षबाई कधीकाळी न्यायाधीश होत्या आणि त्यांचा चष्मा नाकावर एका बाजूला कलला होता. डाव्या कानामागची काडी वाकवून घ्यायला हवी, हे चष्मेवाल्याला बसल्या जागी दिसलं आणि सगळा वेळ डाचत राहिलं. विंगर शेवटच्या खुर्चीवर होता, क्लबच्या ब्लेझरमध्ये, बुटांकडे बघत. क्लबचे वकील बोलत होते. शब्द कानाला गोड होते. सदर शब्द, सदर संबोधन, विवक्षित उच्चार, काळाच्या ओघात ज्याची धार बोथट होऊन आपुलकीची झाली आहे असे संबोधन. तासभर त्या एका शब्दावर बोलणं चाललं होतं आणि तो शब्द मात्र कुणाच्या तोंडून बाहेर पडत नव्हता. घरात मृत्यू झाल्यावर माणसं जशी आतल्या खोलीकडे न बघता बोलतात, तसं सगळे त्याच्या अवतीभवती बोलत होते. बेडूक साक्षीला आला. टाय लावून. म्हणाला, मला आजही घरी बायको बेडूक म्हणते, मला काही वाटत नाही, तिलाही वाटत नाही, पोरांना वाटतं. सगळे हसले, अध्यक्षबाईसुद्धा. मग भिंतीवर क्लिप दाखवली आणि वकिलांनी ती नेमकी विंगरच्या हसण्यावर थांबवली. "हा चेहरा बघा," ते म्हणाले. "हा दुखावलेल्या माणसाचा चेहरा आहे का?"

भिंतभर मोठा केलेला तो चेहरा चष्मेवाल्यानं पाहिला. दात दिसत होते. मान किंचित एका बाजूला. हे त्या पोराला कुणी शिकवलं? ह्याची शाळा कुठे भरते? त्यानं ह्या विंगरला कधी पाहिलं नव्हतं, विंगरनं त्याला पाहिलं नव्हतं, मधे एक अख्खी पिढी गेली होती, आणि मान त्याच कोनात कलली होती. वडील बसच्या खिडकीतून बाहेर बघायचे तेव्हा त्यांच्या ओठांच्या कडेला जे काहीतरी असायचं, ते हेच होतं का? राग आता हातात उतरला होता. त्यानं पेपरमिंटची एक गोळी कागदासकट मुठीत धरली.

त्याचं नाव पुकारलं. खरं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पुकारलेला माणूस आपणच, हे कळायला त्याला एक क्षण लागला.

"आपण ह्या क्लबकडून अकरा मोसम खेळलात," वकील म्हणाले. "ह्या काळात कोच महाशय आपल्याला त्या विवक्षित नावानं हाक मारत?"

"मारत."

"प्रेमानं?"

"हो. प्रेम होतं."

"आणि आपण त्यावर काय करत होतात?"

"हसायचो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

वकिलांनी समितीकडे पाहिलं, मग कॅप्टनकडे, मग कागद नीट करत म्हणाले, मला आणखी काही विचारायचं नाही. कॅप्टननं समोरून त्याला मान हलवून दाद दिली, चांगल्या सेव्हला द्यायचा तशी. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुम्हाला स्वतःहून काही सांगायचं आहे का? सगळ्यांनाच विचारतात तसं त्यांनी विचारलं, पेनचं टोपण लावता लावता.

"आहे," चष्मेवाला म्हणाला. "मघापासून इथे सगळे चांगले बोलताहेत. पण तो शब्द कुणी म्हणत नाहीये. प्रेमाचा आहे म्हणता, मग लाज कसली? कॅप्टननं एकदा म्हणावा. इथे, माझ्याकडे बघून. म्हणजे तुम्हालाही ऐकायला मिळेल."

वकील उभे राहिले. माझ्या अशिलानं अशा ठिकाणी असा शब्द उच्चारणं औचित्याला धरून होणार नाही, ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता आपण काय म्हणतोय ते त्यांना ऐकू आलं. अध्यक्षबाईंनी टोपण पुन्हा काढलं. कॅप्टन मात्र खुर्चीवरून उठला. त्याला असल्या वकिली नाजूकपणाची चीड होती आणि तो कधी कशाला भ्यायलेला कुणी पाहिला नव्हता. "त्यात काय आहे," तो म्हणाला. "मी माझ्या मित्राला हाक मारायला कुणाची परवानगी घेत नाही." त्यानं चष्मेवाल्याकडे पाहिलं. डोळ्यांत माया होती, खरी माया, व्हरांड्यातल्या त्या रात्रीइतकीच खरी.

"काय रे, डांबर," तो म्हणाला.

गाल वर जायला लागले. चष्मेवाल्याला ते कळत होतं, आतून, शिंक येताना कळतं तसं. कानाच्या पुढचा एक स्नायू ओढला गेला, मान कलण्यासाठी सैल झाली, ओठ दातांवरून सरकू लागले. मित्र समोर उभा होता, वाट बघत. एवढं हसलं की त्याचं मैदान वाचणार होतं, आणि ही खोली सुटणार होती, त्या खोलीसारखीच. त्यानं गालाचा आतला भाग दाढांमध्ये धरला आणि चावला. रक्ताची चव आली. मान सरळ ठेवायला इतकं बळ लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो कॅप्टनकडे बघत राहिला आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. कुणाच्या तरी खुर्चीचं चाक करकरलं. कॅप्टनच्या चेहऱ्यावरची माया तशीच होती, फक्त आता ती ठेवायला त्याला जागा सापडत नव्हती.

आणि तेव्हा कुणीतरी हसलं. शेवटच्या खुर्चीवरून, मोठ्यांदा, एकट्यानं. विंगर. त्याला कुणी हाक मारली नव्हती, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. शब्द खोलीत पडला होता, कुणी उचलत नव्हतं, आणि त्याच्या अंगानं त्याला न विचारता काम करून टाकलं होतं. सगळ्यांची डोकी मागे वळली तेव्हा त्यानं हात तोंडावर दाबून धरला होता आणि वरचे डोळे अतिशय घाबरलेले होते. भिंतीवर त्याचाच चेहरा अजून हसत होता.

"नोंद घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "साक्षीदार हसले नाहीत. हसण्याचा आवाज आला."

टिपणं घेणाऱ्या मुलीनं मान वर केली. "आवाज कुणाचा म्हणून लिहू, मॅडम?"

निर्णय राखून ठेवला गेला. बाटल्यांची झाकणं उघडायचा आवाज झाला, वकील कागद गोळा करू लागले, बेडूक कुणाकडेही न बघता टाय सोडवत होता. चष्मेवाला विंगरजवळ गेला. त्यानं आपला रुमाल पुढे केला. विंगरनं तो घेतला आणि कशासाठी घेतला हे न कळून हातात धरून बसला.

बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये लिफ्टचं बटण दाबून चष्मेवाला उभा राहिला. गालातून रक्त अजून येत होतं, तो ते गिळत होता. राग गेला नव्हता. तो आता कॅप्टनवर होता, पहिल्यांदाच कॅप्टनवर, वकिलावर नाही की लीगवर नाही, आणि त्यामुळे अंगाला कसं हलकं, उघडं वाटत होतं, गार वाऱ्यात शर्ट काढल्यासारखं. मागून पावलं आली. ती कॅप्टनची होती. जुन्या मोडक्या घोट्यामुळे एक पाऊल जरा उशिरा पडायचं. पावलं थांबली.

"अरे," कॅप्टन म्हणाला.

पुढचा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता आणि तो आता म्हणता येत नव्हता. खरं नाव त्याला ठाऊक होतं. मघाशी पुकारलेलं त्यानं ऐकलं होतं, मॅचच्या आधी रेफ्रीला द्यायच्या कागदावर ते त्यानं स्वतःच्या अक्षरात किती वर्षं लिहिलं होतं. हाताला माहीत होतं. तोंडाला माहीत नव्हतं. लिफ्ट आली. दार उघडलं. आत एक बाई कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. दार मिटायला लागलं तसा चष्मेवाल्यानं हात घालून ते धरलं आणि पाठमोराच थांबला. त्याला नाव ऐकायचं होतं. चुकीचा उच्चार चालला असता, अर्धं चाललं असतं. लिफ्ट पीं पीं करू लागली.

"येताय का आत?" बाईनं विचारलं.

"एक मिनिट," तो म्हणाला.

"अरे," मागून पुन्हा आलं. मग श्वास घेतल्याचा आवाज, मग काही नाही.

चष्मेवाला आत गेला आणि त्यानं दारावरचा हात काढून घेतला.